बोल्ट अ‍ॅक्शन रायफल निवडताना: शिकारीची कुठली, मॅचची कुठली, आणि दुकानात हातात घेऊन काय तपासायचं

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. पुढच्या वर्षी तो शिकायला इकडं न्यूझीलंडला येतोय, तिकडं रेंजवर .२२ (छोट्या गोळीची रायफल) मारतो, तर म्हणाला मामा तू डोंगरात हरणाला जी रायफल वापरतोस तसलीच एखादी घेतली तर तिच्यावर मॅच, म्हणजे नेमबाजीची स्पर्धा, पण मारता येईल ना, एकाच पैशात दोन्ही कामं. मी म्हटलं नाही रे बाबा, दोन्ही बोल्ट अ‍ॅक्शनच, पण नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल जेवढे वेगळे तेवढ्याच या दोन रायफली वेगळ्या. मग तासभर फोनवर समजावलं आणि नंतर वाटलं की हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला पुण्याचे नागपूरचे बरेच जण विचारतात, जे कामासाठी इकडं किंवा अमेरिकेत येतात आणि पहिल्यांदाच कायदेशीर शिकार बघतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे, शेतात घुसणाऱ्या रानडुकराला सुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळे खाली शिकारीबद्दल जे लिहिलंय ते जिथं ती कायदेशीर आहे तिथलं. इकडं हरीण आणि ताहर बाहेरून आणलेले प्राणी आहेत. ताहर हिमालयातलं, १९०४ साली इथं सोडलं, त्याला खाणारं इथं कोणी नाही म्हणून माणसांनाच संख्या आवरावी लागते. आपलं सांबर सुद्धा आहे इथं, १८७५ साली सिलोनहून आणलेलं. मी स्वतः बालेवाडीच्या रेंजवर .२२ शिकलो आणि क्राइस्टचर्चला आल्यावर डोंगरात जायला लागलो, म्हणजे दोन्ही बाजू हातानं केल्यात.

आता मूळ मुद्दा. बोल्ट म्हणजे काय, तर आपल्या जुन्या दाराचा अलड्रॉप. दांडी वर उचला, मागं ओढा, पुढं सरकवा, खाली पाडा. हालचाल तीच. या एवढ्या हालचालीत बोल्टला चार कामं करायची असतात: मॅगझिनमधलं (काडतुसांच्या पेटीतलं) काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, नेणं, मागून घट्ट कुलूप लावणं, काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन सोडणं, आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकणं. जगातल्या सगळ्या डिझाइन्स म्हणजे या चार कामांची वेगवेगळी उत्तरं. शिकाऱ्याला पहिलं आणि चौथं काम जीवापाड महत्त्वाचं, मॅचवाल्याला दुसरं आणि तिसरं. एवढं डोक्यात ठेवलंत तर कुठलाही सेल्समन काहीही सांगू दे तुम्ही भरकटणार नाही.

पहिलं काम घेऊ, इथं दोन घराणी आहेत. एक मॉझर ९८ चं, १८९८ साली जर्मन सैन्यानं घेतलेली. तिच्या बोल्टच्या बाजूला एक लांबलचक पोलादी पट्टी असते, पुढं नखासारखा वळलेला पंजा. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की त्याच्या बुडाची कडा लगेच त्या पंजाखाली सरकते, तिथून पुढं ते काडतूस बोल्टच्या मुठीतच, रायफल आडवी धरा उलटी धरा ते पडत नाही. दुसरं घराणं रेमिंग्टन ७०० चं, १९६२ सालचं. इथं बोल्ट काडतुसाला मागून नुसतं ढकलतो, ते मोकळंच चेंबरमध्ये जातं आणि बोल्ट पूर्ण बंद होताना छोटासा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) कडेवर टक्कन बसतो. बनवायला सोपं, स्वस्त, आणि बोल्टचं तोंड पुंगळीच्या बुडाभोवती पूर्ण गोल असल्यामुळं मजबूत.

मग फरक कुठं पडतो? घाईत. समजा तुम्ही बोल्ट पुढं ढकललात, काडतूस चेंबरमध्ये गेलं, पण दांडी खाली पाडायच्या आत घाबरून परत मागं ओढलीत. मॉझरमध्ये पंजा ते काडतूस घेऊनच मागं येतो. ढकलणाऱ्या डिझाइनमध्ये ते चेंबरमध्येच राहतं, आणि पुन्हा पुढं ढकललं की दुसरं काडतूस पहिल्याच्या बुडाला जाऊन टेकतं, म्हणजे रायफल अडकली आणि धोका वेगळाच. माझ्यासोबत हे झालंय. सकाळी साडेसहा, गवतावर दहिवर गोठलेलं, हातमोजे जाड, समोर दीडशे मीटरवर तांबड्या हरणाची मादी, पहिला बार मागच्या बाजूला लागला होता आणि दुसरा ताबडतोब द्यायला हवा होता. माझा बोल्ट अर्ध्यातच मागं गेला आणि दोन काडतुसं एकमेकांत फसली. ती जखमी मादी मला दरीत उतरून दीड तासानं सापडली, तो दीड तास मी अजून विसरलेलो नाही. चूक माझ्या हाताची होती, रायफलची नव्हती, पण हाताच्या चुका पोटात घालणारी रायफल शिकाऱ्याला हवी हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणूनच विंचेस्टर मॉडेल ७० चा किस्सा शिकारी लोक अजून सांगतात. १९३६ ला आली तेव्हा मॉझरसारखा पंजा होता, १९६४ ला कंपनीनं खर्च कमी करायला तो काढून टाकला आणि लोक इतके चिडले की ६४ च्या आधीच्या जुन्या रायफली आजही जास्त भावानं विकल्या जातात, पुढं १९९० च्या दशकात कंपनीनं पंजा परत आणला. पण म्हणून ढकलणारी डिझाइन वाईट असं अजिबात समजू नका. इकडं न्यूझीलंडमध्ये डोंगरात जाणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर टिक्का कंपनीची रायफल असते असं मला वाटतं, ती ढकलणारीच आहे, आणि तिचा बोल्ट इतका गुळगुळीत चालतो की अर्ध्यात थांबायची वेळच येत नाही. माणूस हल्ला करणाऱ्या जनावरासमोर उभा असेल, आफ्रिकेत म्हशीसमोर वगैरे, तर पंजाच घ्यावा. हरणासाठी दोन्ही चालतात, सराव मात्र पाहिजे.

लांबीचा पण विचार करा. .३०८ या काडतुसासाठी आणि त्याच्या भावंडांसाठी छोटी अ‍ॅक्शन (बोल्ट आणि त्याचा सांगाडा) असते, .२७० किंवा .३०-०६ साठी लांब. लांब अ‍ॅक्शनमध्ये हात जास्त मागं न्यावा लागतो, म्हणजे अर्ध्यात थांबायची शक्यता तेवढी वाढते. टिक्का टी३ मध्ये सगळ्या काडतुसांना एकच लांबीची अ‍ॅक्शन असते, फक्त मॅगझिन आणि बोल्टचा स्टॉप बदलतो.

दुसरं काम, कुलूप. बोल्टच्या तोंडाजवळ कानासारखे उंचवटे असतात त्यांना लग म्हणतात, दांडी खाली पाडली की ते रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या सांगाड्याच्या, खाचेत फिरून बसतात आणि स्फोटाचा सगळा दाब झेलतात. दोन लग असले की दांडी बहुतेक वेळा ९० अंश उचलावी लागते, तीन असले की ६० ते ७०. वेदरबी मार्क ५ मध्ये तर तीन ओळींत नऊ लग आहेत आणि उचल ५४ अंशच. कमी उचल म्हणजे हात दुर्बिणीला आपटत नाही, हातमोज्यात बरं पडतं. पण फुकट काही मिळत नसतं, दांडी उचलतानाच पिनची स्प्रिंग दाबली जाते आणि तेच काम कमी फिरण्यात करायचं तर दांडी जड लागते. दुकानात कमी उचलीचं कौतुक ऐकताना हे लक्षात ठेवा. मॅचवाल्यांपैकी बरेच जण अजून दोन लगच पसंत करतात, दोन्ही लग सारखे टेकवणं कारागिराला सोपं जातं, तीन सारखे टेकवणं अवघड.

इथं आपल्याकडच्या रायफलीबद्दल बोलायलाच पाहिजे. इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल अजून गावाकडं परवानाधारकांकडं दिसते. .३०३ प्रतिबंधित बोअर म्हणून सामान्य माणसाला मिळत नाही, तिच्याऐवजी ही, पण सांगाडा त्याच ली-एनफील्डचा. तिचे लग पुढं नाहीत, मागं आहेत. त्यामुळं बोल्ट छोट्या अंतरात फटाफट चालतो, आणि लगची खाच चेंबरच्या तोंडाशी अडचणीत नसल्यामुळं चिखल-धूळ साठून अडत नाही. पण बार होताना दाब बोल्टच्या पूर्ण लांबीवर येतो, पोलाद केसभर दबतं, आणि पुंगळी ताणली जाते. पुन्हा भरून वापरणाऱ्यांच्या पुंगळ्या लवकर चिरतात. शिवाय तिची स्प्रिंग दांडी उचलताना नाही तर बोल्ट पुढं ढकलताना दाबली जाते, ज्यांना सवय नाही त्यांना ते शेवटच्या इंचाला अडल्यासारखं वाटतं. युद्धासाठी फार विचारपूर्वक केलेलं डिझाइन, बारीक मॅचसाठी नाही.

पुंगळी फेकायचे पण दोन प्रकार. मॉझरमध्ये मागं एक स्थिर पातं असतं, बोल्ट जेवढ्या जोरात ओढाल तेवढ्या जोरात पुंगळी उडते, हळू ओढलात तर अलगद हातात घेता येते. ७०० मध्ये बोल्टच्या तोंडात स्प्रिंगची खुंटी असते, ती पुंगळीला कायम एका बाजूनं रेटत असते, ओढली की उडालीच. शिकारीला दोन्ही ठीक. पण बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून स्पर्धा मारणारे) काहीजण ती खुंटी काढूनच टाकतात, कारण काडतूस चेंबरमध्ये असताना सुद्धा ती त्याला वाकडं रेटते आणि त्यांना तेवढं पण नको असतं. हे ऐकलं की मॅचवाल्यांची विचार करायची पद्धत कळते.

मॅचमध्ये प्रश्न एकच, शंभरावा बार पहिल्यासारखाच झाला का. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं समजा. आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये तिन्ही पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) फायनलमध्ये ४५१.४ मारून ब्राँझ घेऊन आला, त्याआधी २०१० ला म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियन झाली, ते सगळं अशा नखाएवढ्या वर्तुळात. या खेळातल्या .२२ रायफली, अनशूट्झ, फाइनवेर्कबाऊ, वाल्टर, ब्लायकर, या बहुतेक सिंगल शॉट असतात, मॅगझिन नाहीच. मॅगझिनसाठी रिसीव्हरला खालून मोठं भोक पाडावं लागत नाही म्हणून तो जास्त कडक राहतो, काडतूस हातानं ठेवलं जातं म्हणून शिशाच्या मऊ गोळीला ओरखडा पडत नाही. .२२ चा दाब कमी म्हणून तिथं मागचे लग चालून जातात, आणि त्यामुळं बोल्टचा पुढचा भाग साधा ठेवता येतो. ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पुरुषांच्या रायफलचं वजन ८ किलोपर्यंत. आता असली रायफल घेऊन डोंगर चढून दाखवा, आणि असला ट्रिगर हातमोजे घालून वापरणं म्हणजे अपघाताला बोलावणं. शिकारीला एक-दीड किलोचा ट्रिगर हवा, स्वच्छ तुटणारा, बस.

बालेवाडीला आमचे सर एक गोष्ट सारखी सांगायचे, बोल्ट मारू नकोस, सोड. बोल्ट आपटला की रायफल खांद्यावर किंचित सरकते आणि तुम्ही नव्यानं नेम बांधता, तो आधीचा नेम राहत नाही. म्हणून मॅच रायफल निवडताना बोल्ट किती कमी ताकदीत आणि डोकं न हलवता चालतो ते बघायचं. बेंचरेस्टमध्ये डाव्या हातानं काडतूस भरता यावं म्हणून डाव्या बाजूनं भरायची आणि उजवीकडं बोल्ट अशी पण रिसीव्हर मिळतात.

लॉक टाइम हा शब्द ऐकाल. घोडा सुटल्यापासून पिन बुडावर आदळेपर्यंतचा वेळ. मॉझर ९८ ची पिन जड आणि लांब पल्ल्याची, साधारण पाच मिलिसेकंद, ७०० मध्ये तीनच्या आसपास. उभं राहून मारताना नळी सतत डोलत असते, त्यामुळं हा फरक मॅचमध्ये गुणांत दिसतो. शिकारीत काठीला किंवा बॅगवर टेकवून मारायचं असतं, तिथं याच्यामागं पैसे घालू नका.

मोठ्या कॅलिबरच्या लांब पल्ल्याच्या मॅचमध्ये, एफ-क्लास असो की पीआरएस, ७०० चं घराणं सगळीकडं पसरलंय त्याचं कारण तिचा रिसीव्हर गोल नळकांड्यासारखा आहे. लेथवर गोल वस्तू नेमकी करणं सोपं, म्हणून कितीतरी कारखाने तिच्याच मापाचे पण जास्त बारकाईनं केलेले रिसीव्हर बनवतात आणि ट्रिगर, चॅसी (लाकडी दस्त्याच्या जागी धातूचा सांगाडा), मॅगझिन सगळं एकमेकांत बसतं. मॉझर किंवा विंचेस्टरचा तळ सपाट, लाकडात पिळला जात नाही, धक्का झेलणारा लग (हा बोल्टच्या लगपेक्षा वेगळा) अंगचाच. ७०० मध्ये तो लग म्हणजे बॅरल आणि रिसीव्हरच्या मध्ये दाबलेली चकती. टिक्कामध्ये उलटं, तो लग स्टॉकमध्ये (दस्त्यात) बसवलेला आणि रिसीव्हरला खाच. सॅव्हेज ११० मध्ये बॅरलला एक नट असतो, त्यामुळं बॅरल बदलणं सोपं, पण हेडस्पेस (बंद बोल्टपुढं काडतुसाला मिळणारी जागा) गेजनं तपासल्याशिवाय एकही बार काढायचा नाही, अंदाजानं तर कधीच नाही.

मॅचचं ज्ञान मैदानात कसं उतरतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे माल्कम कूपर. या माणसानं १९८४ आणि १९८८ दोन्ही ऑलिंपिकमध्ये तीन पोझिशनचं सोनं घेतलं आणि अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल काढणाऱ्यांपैकी तो एक. त्यांनी अ‍ॅक्शन सरळ धातूच्या चॅसीला पक्की जोडली, लाकडाच्या फुगण्याचा प्रश्नच संपला. लाकूड फुगतं हे आपल्याला शिकवायला नको, कोकणात पावसाळ्यात दारं चौकटीत बसत नाहीत ना, तसंच रायफलचं लाकूड फुगून बॅरलला टेकतं आणि नेम दोन बोटं सरकतो. डोंगरात पाऊस-बर्फ असेल तर स्टेनलेस आणि सिंथेटिक स्टॉक घ्या, अक्रोडाचं लाकूड कितीही देखणं असलं तरी.

सरळ ओढायच्या बोल्टबद्दल थोडक्यात. ब्लेझर आर८ मध्ये दांडी उचलायचीच नाही, मागं-पुढं फक्त, आणि कुलूप कड्यासारखं चारी बाजूंनी उघडून बसतं. जर्मनीत हाकाऱ्यात पळत्या रानडुकराला दुसरा बार लगेच द्यायचा असतो तिथं याला तोड नाही. बायॅथलॉनमध्ये (बर्फावर स्कीइंग आणि नेमबाजीचा खेळ) फोर्टनर अ‍ॅक्शन याच कारणासाठी, थंडीत बोटं गोठलेली असताना बोटानं आणि अंगठ्यानं काम होतं. पण महाग, आणि पहिल्या रायफलसाठी मी सुचवणार नाही.

आता दुकानात काय करायचं ते, हे नीट वाचा. रायफल हातात आली की नळी सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघा आणि बोट घालून पण बघा. दुकानदारानं आधी बघितलं असलं तरी. मग डमी काडतुसं मागा, नसतील तर स्वतःची न्या. रायफल खांद्याला लावूनच मॅगझिन पूर्ण रिकामं करा, एकदा अगदी हळू, एकदा दणकून, एकदा रायफल आडवी करून. हळू ओढताना जिथं अडखळते तिथं डोंगरात अडणार. मुद्दाम अर्ध्यात मागं ओढून बघा काय होतं, म्हणजे त्या रायफलचा स्वभाव कळेल. बोल्ट मागं ओढलेला असताना खडखडतो म्हणून घाबरू नका, तिथं खडखड असू दे, बंद केल्यावर हलायला नको.

मग सेफ्टी. मॉझर आणि मॉडेल ७० ची तीन टप्प्यांची सेफ्टी थेट पिनलाच अडवते, आणि मधल्या टप्प्यात सेफ्टी असतानाच बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते, हे मला फार आवडतं. टिक्कासारख्या दोन टप्प्यांच्या सेफ्टीत बोल्ट पण कुलूपबंद होतो, झुडपात दांडी अडकून उघडत नाही हा फायदा, पण रिकामी करायला सेफ्टी काढावी लागते, तेव्हा नळी कुठं आहे ते बघा. रिकाम्या रायफलवर बोल्ट चारपाच वेळा जोरात आपटून बंद करा, पिन आपोआप सुटली तर ती रायफल तिथंच ठेवा, किंमत कितीही कमी असू दे.

बॅरल आणि स्टॉकच्या फटीत एक नोट घालून मागपर्यंत सरकवा, कुठं अडते बघा. इकडची नोट प्लास्टिकची, मस्त सरकते. मग स्टॉकचं टोक मुठीत धरून बॅरलकडं दाबा, हलकी सिंथेटिक असेल तर बऱ्याचदा टेकते, आणि बायपॉडवर (स्टॉकखालच्या दोन पायांच्या टेकूवर) मारणार असाल तर तीच तुमची डोकेदुखी ठरेल. दुकानदार तयार असेल तर आणखी एक करा, बॅरल आणि लाकूड जिथं भेटतात तिथं बोटाचं टोक ठेवा आणि पुढचा स्क्रू हळू सैल करा, बोटाला उडी जाणवली तर बेडिंग, म्हणजे रायफलची लाकडातली बैठक, कच्चं आहे. जुनी रायफल असेल तर लगच्या मागच्या बाजूची चमक बघा, दोन्हींवर सारखी घासलेली दिसली पाहिजे. एकच चमकत असेल तर सगळा दाब एकट्यावर येतोय.

बजेट एकाच रायफलचं असेल आणि डोंगरात जायचं असेल तर माझं मत, .३०८ किंवा ७ एमएम-०८ मध्ये तीन किलोच्या आसपासची छोटी, साधी रायफल, बॅरल पातळ, तीन बार सलग काढले की तापणार हे मान्य करून. उरलेले पैसे दुर्बिणीत आणि काडतुसांत. मॅच मारायची असेल तर जड बॅरल, ज्याच्या वजनामुळं ती डोंगरावर न्यायचा विचारही येऊ नये. मधली "दोन्हीला चालेल" अशी पाच किलोची रायफल मी एकदा घेतली होती, चढावर खांदा सोलून निघाला आणि रेंजवर दहाव्या बारानंतर गोळ्या पसरायला लागल्या, वर्षभरात विकली.

भाच्याला सांगितलंय, आल्यावर लगेच काही घेऊ नकोस. लायसन्स निघेपर्यंत माझ्या नजरेखाली क्लबची .२२ मार, आणि शनिवारी माझ्याबरोबर रिकामी रायफल आणि डमी काडतुसं घेऊन चल, चढण चढून धाप लागलेली असताना शंभर वेळा बोल्ट चालव. कुठली रायफल घ्यायची ते त्यानंतर ठरवू.